इवायाचं परिशिष्ट तीन

देवळीचा रूपराव डेकाटे पुस्तक मधूनच उघडायचा. पहिलं पान नाही, प्रस्तावना नाही, अर्पणपत्रिका तर मुळीच नाही. पुस्तक मांडीवर ठेवायचं, बरोबर पोटात अंगठा खुपसायचा, उघडेल तिथून तीन पानं वाचायची आणि मग ठरवायचं, हे घरी न्यायचं की ग्रंथपाल भैयाजीच्या टेबलावर परत आदळायचं.

ही खोड त्याला जिनिंगनं, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यानं लावली. रूपराव तिथं ग्रेडर होता. कास्तकाराची कापसाची बंडी फाटकातून आत आली की हा चाकावर पाय देऊन वर चढायचा आणि कोपरापर्यंत हात आत घालायचा. वरचा कापूस तो पाहायचाच नाही. वरचा कापूस म्हणजे नवरीचा शालू, तो सगळ्यांचाच चांगला असते, असं त्याचं म्हणणं. वर पहिल्या वेच्याचा पांढराशुभ्र माल, आणि आत फरतड, म्हणजे हंगाम सरल्यावर झाडाला लटकून राहिलेला पिवळट, किडका, मरतुकडा कापूस. त्यावर वजनासाठी हापशीचं पाणी शिंपडलेलं. रूपराव आतली मूठ बाहेर काढी, चिमटीत धागा ओढी, नाकाला लावी आणि ग्रेड सांगे. एका कास्तकारानं पराणी उगारली, एकानं सात पिढ्या काढल्या, पण तीस वर्षांत एकदा सांगितलेली ग्रेड त्यानं बदलली नाही. ग्रेड चुकली असंही कोणी म्हटलं नाही.

संध्याकाळी घरी आला की केसांत रुई, नाकात रुई, भुवयांवर रुई. आंघोळ करायची, अंगणात बाज टाकायची आणि पुस्तक घ्यायचं. वाचनालय बाजार चौकात, किराणा दुकानाच्या वर. दोन खोल्या, सहा कपाटं. त्यातलं एक कपाट कुलूप गंजल्यामुळे उघडत नव्हतं, आणि सगळी चांगली पुस्तकं त्यातच आहेत असा गावाचा समज होता. उरलेली पाच रूपरावनं कापसासारखी उपसली.

वाचून झालं की शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं ग्रेड. ‘एक नंबर.’ ‘धागा लांब, पण कचरा.’ ‘सरकीच सरकी, रुई कोठी हाय?’ आणि सगळ्यात जास्त वेळा, ‘वरून शालू, आतून फरतड.’ भैयाजी आधी चिडला. सार्वजनिक मालमत्ता खराब केली म्हणून दंड करतो म्हणाला. पण लोक पुस्तक हातात घेतलं की पहिल्यांदा शेवटचं पान पाहू लागले, तेव्हा त्यानं स्वतःच पेन्सिलीला टोक काढून ठेवणं चालू केलं.

रूपरावची मतं ऐकायला चौकातल्या पानठेल्यावर माणसं थांबत.

“कादंबरीतली बाई खोकलली का समजा चाळीस पानात गेली,” तो म्हणे. “आमची शकुंतला वीस वर्षापासून खोकलून राह्यली. मलेच पोचवन.”

खेड्यावरच्या कादंबऱ्यांवर त्याचा विशेष राग. एका जाड कादंबरीत नायिका आषाढात कापूस वेचत होती. रूपरावनं ते पान भैयाजीला उघडून दाखवलं. “आषाढात आमी पेरतो, हे वेचून राह्यली! पेराच्या आंधी वेचणारी बाई म्हंजे भुताटकीच होय. आन हिरो तिच्यावर मरते. मरनच न!”

आत्मकथा त्याला जास्त आवडत, म्हणून त्यांना शिव्याही जास्त पडत. “आत्मकथा लिवणारा माणूस लहानपणी गरीब पाह्यजेच. कंदिलाखाली अभ्यास पाह्यजेच. बाप कडक, माय देवमाणूस. आजवर एकाचीई माय खडूस नाई निघाली. मंग ह्या एवढ्या सासवा येतेत कोठून?”

तरी एकदा एका रिटायर जमादाराची आत्मकथा त्यानं जेवण थंड करून वाचली होती. त्यात त्या जमादारानं कबूल केलं होतं की चोर समोर आला तेव्हा चोराआधी आपणच पळालो. “इथून चालू होते आत्मकथा,” रूपराव म्हणाला. “माणूस जिथं पळाला तिथून. बाकी सगळं मानपत्र होय.” त्या पुस्तकाला एक नंबर मिळाला, आणि ते नंतर वाचनालयातून चोरीला गेलं.

हे असंच चाललं असतं. पण नव्याण्णव सालच्या फेब्रुवारीत रूपरावच्या अंजूची सोयरीक जुळली, हिंगणघाटच्या प्रभाकरराव लाखेंच्या अंकुशशी. पोरगा पंचायत समितीत लिपिक, निर्व्यसनी, थोडा टकला. अंजूला पसंत होता. प्रभाकरराव पस्तीस वर्षं हायस्कुलात मराठी शिकवून निवृत्त झालेले, आणि गल्लीतल्या मंदिर समितीचे अध्यक्ष. घरात, बाजारात, एसटीत, कुठंही ते पुस्तकासारखंच बोलत. भाजीवालीला सुद्धा ‘वांगी कशी दिलीत?’ असं विचारत. ती बिचारी भाव सांगायच्या आधी पदर सावरी.

साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झालं. बुंदी-चिवड्याच्या प्लेटा फिरल्या. पाहुणे पांगू लागले तसे प्रभाकररावांनी कापडी पिशवीतून एक फाइल काढली आणि इवायाच्या, म्हणजे पुस्तकी भाषेत व्याह्याच्या, मांडीवर ठेवली.

“रूपरावजी, हे माझं आत्मचरित्र. मुद्रितं आहेत. विवाहाच्या दिवशी प्रकाशन.”

रूपरावनं नाव वाचलं. नाव एवढं लांब की पुठ्ठ्यावर दोन ओळींत बसवलं होतं, आणि त्यात यज्ञ, समिधा आणि ज्योत तिन्ही होती.

“लगनातच?”

“प्रत्येक पाहुण्याच्या हाती आहेर म्हणून एक प्रत.”

“आन टोप्या-दुपट्टे?”

“टोपी मळते, रूपरावजी. विचार मळत नाहीत.” मग ते थोडे जवळ सरकले. “एक विनंती. पुण्याच्या एका प्राध्यापकांनी प्रस्तावना दिली आहे. परंतु आपल्या भागातले लोक शेवटचं पान पाहतात, हे मी ऐकून आहे. आपली ग्रेड मला मागच्या पुठ्ठ्यावर छापायची आहे.”

रूपरावच्या तोंडात बुंदी होती. ती तिथंच राहिली.

रात्रीचं जेवण व्हायच्या आत त्यानं फाइलीच्या पोटात अंगठा खुपसला. पान एक्क्याऐंशी. ‘माझ्या जीवनरूपी नौकेस सदाचाररूपी शीड व सेवारूपी वल्हे लाभले.’

“वणा नदीले उन्हाळ्यात ढोपरभर पाणी,” रूपराव स्वतःशीच म्हणाला, “हा नाव कोठी चालवून राह्यला?”

पान एकशे वीस. ‘माझी पहाटेची कठोर साधना पाहून परिसरातील माताभगिनींनी मंदिर समितीचे अध्यक्षपद मजवर अक्षरशः लादले.’ तिसरी मूठ पान बावन्न. तिथं मुख्याध्यापकांनी प्रभाकररावांची स्तुती केली होती, आणि ती पूर्ण पानभर होती, अवतरणचिन्हांसकट.

फरतड. पाणी मारलेलं फरतड.

आता आली पंचाईत. खरी ग्रेड सांगावी तर पोरीचं लग्न अडते. खोटी सांगावी तर ती छापून हजार लोकांच्या हातात जाते, खाली आपलं नाव, आणि दुसऱ्या दिवशी फाटकात उभा राहून कोणत्या तोंडानं कोणाच्या कापसाला नाव ठेवणार?

शकुंतलाबाईला यात अडचण दिसत नव्हती. “अजी, लिहून द्या न एक नंबर. तुमच्या बापाचं का जाते?”

“आतापर्यंत कोणाले देल्ली का खोटी?”

“आतापर्यंत पोट्टीचं लगन होतं का?”

रूपरावनं पेन्सिल घेतली. दोनदा टोक काढलं. शेवटी लिहिलं, ‘कागद चांगला.’

शकुंतलाबाईनं खांद्यावरून वाकून पाहिलं. “बस? एवढंच?”

मग त्यानं खाली लिहिलं, ‘टाचणी मजबूत.’

अंजूनं मात्र फाइल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली, चार दिवस, झेरॉक्सच्या दुकानात बसून. तिथं तिची नोकरी होती आणि गिऱ्हाईक कमी. पाचव्या दिवशी ती बाजेजवळ येऊन उभी राहिली.

“बाबा, परिशिष्ट तीन वाचलं का?”

“परिशिष्ट कोणी वाचते का? ते बंडीचं बूड होय. एकात वंशावळ, दुसऱ्यात मानपत्रं. तिसऱ्यात का असन, फोटो?”

“बूडच वाचा.”

“अवं, चांगला माल कोणी बुडाले लपवते का? तीस वर्षात असा कास्तकार पाह्यला नाई म्या.”

“ज्याले लाज वाटते तो लपवते.” तिनं पान काढून त्याच्या हातात दिलं. “मले त्या घरात नांदाचं हाय, म्हून म्या पूरं वाचलं. आन पाहा, मले अंकुश पसंत हाय. सोयरीक मोडू नोका. पण खोटंई लिवू नोका. नाईतर तिकडं जन्मभर तुमची ग्रेड मलेच ऐकाव लागन.”

परिशिष्ट तीनचं नाव होतं ‘प्रकृती’. पानं अकरा. पहिलं वाक्य वाचलं आणि रूपराव उठून बसला. वाक्य असं होतं: ‘ब्याऐंशी साली मले मुळव्याध झाली, आन कोणाले सांगाचं तेच समजे ना.’

नौका नाही, शीड नाही, समिधा नाही. पस्तीस वर्षं पोरांची भाषा शुद्ध करणारा मास्तर इथं एकदम आपल्या मायच्या बोलीत आला होता. दुखणंच असं होतं की शुद्ध भाषेत मावलं नसावं.

‘त्या दिवशी सहाही तास उभ्यानंच शिकवले,’ प्रभाकररावांनी लिहिलं होतं. ‘देशभक्तीची कविता होती. मी मुठी आवळून, दात खाऊन शिकवून राह्यलो. पोरायले वाटलं, मास्तर लय जोशात हाय. दोन पोट्टे रडले. मीई रडलो, पण माहं कारण येगळं होतं.’

पुढं सायकलच्या ट्यूबची हकीकत. डॉक्टरनं सांगितलं म्हणून मास्तर खुर्चीवर हवा भरलेली ट्यूब ठेवून वर धोतर पसरून बसत. दिवाळीच्या सुट्टीआधी तपासणीला साहेब आले आणि नेमकी तेव्हाच ट्यूब फुसकली. ‘आवाज असा निघाला का साहेबानं माह्याकडं पाह्यलंच नाई, छताकडं पाह्यलं. शेऱ्यात लिवलं, इमारत जुनी हाय.’

आणि मग बायको. ‘रुख्मा रोज पहाटे चार वाजता उठे आन टपात पाणी तापवे. त्यात मले बसाचं राहे. शेजारच्या बायायनं इचारलं, इतक्या पहाटे चूल कायले पेटते? आता त्यायले का सांगाव? ते म्हने, यायनं अनुष्ठान धरलं. दोन वर्ष गल्लीतल्या बाया माह्या पाया पडल्या. मले वाकता येत नोतं, म्हून मी उभ्यानंच आशीर्वाद देल्ला. त्यायले वाटे, केवढा तेजस्वी. तिसऱ्या वर्षी मले मंदिर समितीचा अध्यक्ष केलं.’

रूपराव एवढा हसला की बाज करकरली. शकुंतलाबाई हातातलं पीठ तसंच घेऊन धावत आली, तिला वाटलं झटका आला. “काय झालं जी? काय झालं?”

“अध्यक्ष!” रूपरावनं डोळे पुसले. “टपात बसून अध्यक्ष झाला!”

त्यानं ती अकरा पानं लागोपाठ दोनदा वाचली. जेवण थंड झालं.

दोन दिवसांनी प्रभाकररावांचं पोस्टकार्ड आलं. सुवाच्य अक्षर. ‘परिशिष्ट तीन अनवधानाने जोडले गेले असून मुद्रणातून वगळण्यात येत आहे. सौभाग्यवतींचा व चिरंजीवांचा तसा आग्रह आहे. कृपया ती पाने फाडून टाकावीत व अभिप्राय उर्वरित ग्रंथावर द्यावा.’

रूपरावनं पोस्टकार्ड खिशात घातलं, फाइल पिशवीत घातली, रविवारी वर्ध्याची एसटी धरली आणि वर्ध्याहून हिंगणघाटची.

“गोड बोलजा,” शकुंतलाबाईनं निघताना बजावलं.

“हो.”

“नाईच जमलं तं चूप राह्यजा.”

“हो.”

“दोनीई तुमाले नाई जमत,” ती म्हणाली आणि देवाला हात जोडले.

हिंगणघाटात प्रभाकररावांनी इवायाला पुढच्या खोलीत बसवलं. अंकुश बाहेर गेला होता. भिंतीवर चौदा मानपत्रं, त्यातली दोन एकाच संस्थेची. रुख्माबाई आत चहा टाकत होत्या.

“मग,” प्रभाकररावांनी चष्मा पुसला, “ग्रेड?”

रूपरावनं एसटीत गोड वाक्य जुळवलं होतं. चांगलं लांब होतं. पण फाइल हातात घेतली आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं. “एकशे साठ पानं फरतड. शेवटले अकरा एक नंबर. तसा माल मी तीस वर्षात पाह्यला नाई.”



“म्हणजे,” प्रभाकरराव सावकाश म्हणाले, “माझ्या पस्तीस वर्षांच्या सेवेपेक्षा माझी मूळव्याध श्रेष्ठ?”

“श्रेष्ठ नाई जी. पण सेवेच्या पानायत तुमी नुसते बसून हा. मुळव्याधीत निदान उभे तं राह्यले.”

प्रभाकरराव ताडकन उठले. गळ्याच्या शिरा फुगल्या. पस्तीस वर्षांचं शुद्धलेखन एका झटक्यात उतरलं. “माह्या घरात बसून मलेच फरतड म्हनता! कापसातला माणूस, तुमाले का समजते पुस्तकातलं? असा इवाई मले नाई पाह्यजे! आपली सोयरीक...”

“हे पाहा!” रूपराव आनंदानं म्हणाला. “आता कसे बोलले! अस्संच लिवा न पूरं!”

बोलून झाल्यावर त्याला समजलं की समोरच्या माणसाचं वाक्य अर्धंच आहे, आणि उरलेल्या अर्ध्यात अंजूचं लग्न आहे. त्यानं तोंड मिटलं. पण उशीर झाला होता. प्रभाकरराव दाराकडे बोट दाखवायच्या बेतात होते, तेवढ्यात रुख्माबाई चहा घेऊन बाहेर आल्या.

“कोणते अकरा पानं?” त्यांनी विचारलं.

रूपरावनं फाइल पुढं केली.

“ते मुळव्याधीचे का? अंकुशनं सांगतलं मले. म्या म्हटलं, आंधी फाडा. लगनात का लोकायले मुळव्याध वाटाची हाय?”

“इहीणबाई, तुमी वाचले का ते?” रूपरावनं विचारलं.

“मी काऊन वाचू? यायचं पस्तीस वर्ष ऐकलं, आता वाचूई?”

रूपरावनं इवायाकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर हिंमत झाली नसती. पान काढलं आणि वाचायला लागला. देशभक्तीच्या कवितेला रुख्माबाईचा चेहरा दगडाचा होता. ट्यूब फुसकली तेव्हा ओठ हलले. ‘इमारत जुनी हाय’ ला त्यांनी पदर तोंडाला लावला. पहाटे चारची चूल आली तशा त्या स्टुलावर बसल्या, चहाचा ट्रे मांडीवर तसाच.

“यायनं हे लिवलं?” त्यांनी रूपरावलाच विचारलं. “पाण्याचं?”

“इथं हाय न. ‘दोन वर्षात एक दिवस चुकली नाई. तापात होती त्या दिवशीई नाई.’”

रुख्माबाई नवऱ्याकडे वळल्या. “मले तं कधी बोलले नाई तुमी.”

“बोलाव का त्याच्यात,” प्रभाकरराव खिडकीबाहेर पाहत पुटपुटले.

“आन त्या मथुराबाईनं नारळ आणून देल्लता, ते नाई लिवलं का? अनुष्ठानाचा नारळ म्हून? तुमी टपातून वरडले, ठेवून द्या, म्हून!”

“तो नारळ मीच खाल्ला न मंग. त्यानं तं अजून वाढली.”

रुख्माबाई अशा हसल्या की ट्रे घसरला आणि दोन कप गेले. प्रभाकरराव हसले नाहीत, पण खाली बसले. मग त्यांना आठवलं, आणि ते पुन्हा शुद्ध झाले. “परंतु हे प्रसिद्ध होणं शक्य नाही. मंदिर समितीचं काय? लोक काय म्हणतील? अध्यक्षपद मला साधनेवरून मिळालं आहे.”

“समिती गेली खड्ड्यात,” रुख्माबाई कपाचे तुकडे वेचत म्हणाल्या. “दोन वर्ष पाणी म्या तापवलं आन अध्यक्ष तुमी झाले. छापा ते. मालूम तं पडू द्या लोकायले, अनुष्ठान कोणाचं होतं.”



प्रभाकररावांनी एकदा मानपत्रांकडे पाहिलं. मग त्यांनी घसा साफ केला आणि वर्गातला आवाज काढला. “ठीक आहे. परिशिष्ट राहील. सोयरीकही राहील. परंतु फरतड ही ग्रेड मला मान्य नाही. आपण किती पानं वाचलीत, रूपरावजी?”

“तीन मुठी. म्हंजे नऊ पानं. आन हे अकरा.”

“आणि अकरा कुठं सापडली?”

“बुडाले.”

“आपली मूठ बुडापर्यंत गेली होती?”

“नाई,” रूपराव म्हणाला. “पोट्टीनं दाखवलं.”

“म्हणजे आपली मूठ चुकली.”

तीस वर्षांत हे वाक्य रूपरावला कोणी ऐकवलं नव्हतं. तो खाली मान घालून चहा शोधू लागला, पण चहा फरशीवर होता.

“पूर्ण वाचा,” प्रभाकरराव म्हणाले. “पहिल्या पानापासून. वंशावळीसकट. लग्नाच्या बस्त्याला आपण वर्ध्याला भेटूच. तिथं मी दहा प्रश्न विचारीन. उत्तीर्ण झालात तर जी म्हणाल ती ग्रेड. नाही तर मी लिहीन ती ग्रेड आपल्या नावानं छापीन.”

रूपराव घरी आला. शकुंतलाबाईनं विचारलं, सोयरीक राहिली का? राहिली, तो म्हणाला, पण मले शाळेत टाकलं.

मार्च-एप्रिल त्यानं ते एकशे साठ पानांचं गवत उपटलं. हंगाम सरला होता, जिनिंगमध्ये काम नव्हतं, पळवाट नव्हती. वंशावळ पाठ करताना तो मोठ्यानं बोले, आणि शेजारच्या कवडूला वाटलं की रूपराव भक्तिमार्गाला लागला. मानपत्रांपाशी त्याला झोप येई, तर अंजू डोक्यावर थंड पाण्याचा तांब्या घेऊन उभी. मात्र पान त्रेसष्टला तो अडकला. टिनाच्या शाळेवर पाऊस पडायला लागला की मास्तरचा आवाज पोरांपर्यंत जात नसे, तर मास्तर फळ्यावर नुसता खडूनं एक बैल काढत, आणि पाऊस थांबेपर्यंत सगळा वर्ग गुपचूप बैल काढी. अडीच पानं. त्यात एकही समिधा नव्हती. रूपरावनं पेन्सिलीनं बाजूला रेघ ओढली आणि नंतर बराच वेळ आपल्या उजव्या हाताकडे पाहत बसला. आजवर किती बंड्यांमध्ये अशी अडीच पानं राहिली असतील, हा विचार त्याच्या मनात आला. तो त्यानं लगेच हाकलला. असा विचार करणाऱ्यानं ग्रेडर राहू नये.

बस्ता वर्ध्याच्या कापड दुकानात. पांढऱ्या गाद्यांवर दोन्हीकडच्या बाया, मध्ये साड्यांचा डोंगर. पुरुष भिंतीला टेकून. प्रभाकररावांनी खिशातून कागद काढला.

“प्रश्न पहिला. माझा जन्म कोणत्या तिथीस झाला?”

“आश्विन वद्य पंचमी.”

“हा मोरपंखी इहीणबाईले,” शकुंतलाबाई म्हणत होती.

“प्रश्न चौथा. माझ्या पणजोबांच्या दुसऱ्या पत्नीचं माहेर?”

“आर्वी. का आष्टी?” रूपरावला घाम फुटला. “आष्टी!”

“आर्वी. चूक.”

“मास्तर, एवढा कठीण पेपर काऊन काढता?” दुकानदार साडी झटकत मध्येच बोलला. “इवाई हायेत तुमचे.”

“मध्ये बोलू नये,” प्रभाकरराव म्हणाले.

रूपरावला दहापैकी सहा मिळाले. आठवा प्रश्न त्रेसष्टाव्या पानावरचा होता. त्याचं उत्तर त्यानं एवढं लांब दिलं, बैलाच्या शिंगांसकट, की प्रभाकररावांनी चष्मा काढून पुसला आणि मगच नववा प्रश्न विचारला.

“उत्तीर्ण,” ते म्हणाले. “आता ग्रेड सांगा.”

“शेवटले अकरा पानं एक नंबर. मधातले अडीच चांगले. बाकी फरतड.”

“बदल नाही?”

“बदल केला न. अडीच पानं वाढवले. असं म्या जन्मात पहिल्यांदा केलं.”

प्रभाकररावांनी ती ग्रेड जशीच्या तशी कागदावर उतरवून घेतली. सुवाच्य अक्षरात.

वैशाखात लग्न लागलं. मांडवात प्रत्येकाच्या हाती पुस्तक आलं. रूपरावनं सवयीनं ते उलटं केलं. मागच्या पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं: ‘...एक नंबर...’, खाली, ‘रूपराव डेकाटे, ग्रेडर, देवळी.’

“इवाई, हे टिंब कायचे?”

“संक्षेप,” प्रभाकरराव म्हणाले. “पुण्यातही असंच करतात.”

रूपराव भांडणार होता. पण मांडवात पंगत बसली होती आणि कोणी जेवत नव्हतं. पानावर वरण थंड होत होतं आणि लोक शेवटची अकरा पानं एकमेकांना वाचून दाखवत होते. वाढप्यांनी बादल्या खाली ठेवल्या आणि तेही ऐकू लागले. मंदिर समितीचे सचिव ट्यूबपाशी पोचले होते आणि त्यांना ठसका लागला होता. एक म्हातारी रुख्माबाईला विचारत होती, पाण्यात तुरटी टाकत होता का नुसतंच तापवत होता?

तिथून जे चालू झालं ते थांबलं नाही. हिंगणघाटात, वर्ध्यात, पार हिंगणीपर्यंत ते पुस्तक गेलं, पण आत्मचरित्र म्हणून नाही, औषधाचं पुस्तक म्हणून. भैयाजीनं ते आरोग्य विभागात लावलं आणि रजिस्टरात ‘मूळव्याध : अनुभव व उपाय’ अशी नोंद केली. प्रभाकररावांच्या दारात सकाळी माणसं उभी राहू लागली, तोंडं पाडून, बसायला सांगितलं तरी न बसता. समितीनं त्यांना अध्यक्षपदावरून काढलं नाही. एवढी गर्दी मंदिरालाही कधी झाली नव्हती.

पावसाळ्यात एके दिवशी रूपरावला एसटीडी बूथवरून निरोप आला, हिंगणघाटचा फोन आहे. अंजूचं काही असेल म्हणून तो चपला न घालता धावला.

“अंजू मजेत आहे,” तिकडून प्रभाकरराव म्हणाले. “तिनं माझी कपाटं लावली. आठ कादंबऱ्या रद्दीत काढल्या. त्याविषयी नंतर बोलू. रूपरावजी, मी फार व्यथित आहे. लोक पुस्तक वाचतात आणि औषध विचारतात. भाषेविषयी एक जण बोलत नाही! त्या अकरा पानांची भाषा मी काय मेहनतीनं...”

“जी, मेहनत नाई केली म्हून तं जमली.”



“मी दुसरं पुस्तक लिहावं म्हणतो,” प्रभाकरराव म्हणाले. “परंतु विषय सापडत नाही. आपण वाचक आहात. काय लिहू?”

रूपरावनं बूथच्या काचेतून बाहेर पाहिलं. मीटर पळत होतं.

“इवाई, हर्निया-बिर्निया काई हाय का?”

 मग तिकडून आवाज आला, एकदम हळू, आणि अगदी मायच्या बोलीत.

“डाव्या बाजूले हाय.”